माझी वाघळं आणि शैलजाचे जीवाणू

देगलूरहून हैदराबाद फार लांब नाही. आमच्या आठवडी बाजारात तेलंगणातली माणसं नेहमी दिसतात, आणि गावातले म्हातारे अजूनही ‘शहरात गेला’ म्हणतात तेव्हा त्यांना हैदराबादच म्हणायचं असतं, मुंबई नव्हे. तरी आमच्या घरातून तिकडे कुणी गेलं नव्हतं. कारणच पडलं नव्हतं. माझे वडील बसस्टँडसमोर केळी-पेरूचा गाडा लावतात. मी त्यांची थोरली, घरातली पहिली पदवीधर, आणि मला हैदराबाद दाखवलं ते वाघळांनी.

गावाच्या तळ्याकाठी एक जुना वड आहे. त्याला दिवसभर मोठी फळवाघळं लटकलेली असतात. दुरून पाहिलं तर कुणी काळ्या छत्र्या वाळत घातल्यात असं वाटावं. एम.एस्सी.ला विषय निवडताना सर म्हणाले, “गावातलंच काही घे, प्रवासाचा खर्च नको.” मी वाघळं घेतली. परीक्षा संपली, निकाल लागला, पण माझं झाडाखाली बसणं काही संपलं नाही. बाबा गिऱ्हाइकांना सांगत, “दिवसा मी फळं विकतो, रात्री ती फुकट नेतात. आणि आमची सुनंदा त्यांच्या बाजूची.”

सरांच्या ओळखीच्या एक मॅडम हैदराबादेत होत्या. ताडाच्या झाडावर जगणाऱ्या सगळ्या जीवांचा त्या अभ्यास करत: मुंग्या, पाखरं, वाघळं, आणि ताडी आंबवणारे जीवाणू. त्यांच्याकडे वर्षभरासाठी पगारी संशोधन सहायकाची एक जागा निघाली होती. सरांनी माझं नाव कळवलं, मॅडमनी आठवडाभर येऊन राहा म्हणून निरोप धाडला. राहायची सोय त्याच करणार होत्या. मी अतिशय आनंदात निघाले. जागा एक आणि उमेदवार दोन, हे मला तिथं पोचल्यावर कळलं. आणि दुसऱ्या उमेदवाराच्याच घरी माझी राहायची सोय केली होती.

गौलीगुडा

गौलीगुड्याच्या त्या अवाढव्य लोखंडी कमानीखाली बस थांबली. एका खांद्यावर कपड्यांची बॅग, दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीत आईनं दिलेल्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि एका बरणीत वडाखालून गोळा केलेले चोथे. वाघूळ फळ चावतं, रस गिळतं आणि चोथा थुंकून टाकतं. त्या चोथ्यांवरून ते काय खाऊन आलं हे कळतं. मॅडमना दाखवायला मी निवडक चोथे आणले होते.

“सुनंदा अक्का ना?”

समोर एक मुलगी उभी होती. माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनी लहान असेल. आखूड केस, हातात मोपेडची किल्ली.

“तुम्ही मला कसं ओळखलं?” मी विचारलं.

“तुमच्या पिशवीला वाघळांचा वास येऊन राहिला ना.” ती खळखळून हसली. “मी शैलजा. मॅडमनी सांगितलं, मराठी मुलगी येणार, तुझ्या घरीच ठेव. मला ‘तुम्ही’ नका म्हणू हां, परेशान होते मी.”

स्टँडातून बाहेर पडेपर्यंत ती हमालाशी उर्दूत भांडली, पोलिसाशी तेलुगूत गोड बोलली, मोपेड सुरू होईना तेव्हा स्वतःशी इंग्रजीत काहीतरी पुटपुटली आणि माझ्याशी मराठीत बोलत राहिली. तिचं मराठी आमच्या बाईंनी ऐकलं असतं तर लाल शाई पुरली नसती. पण ते वाहतं होतं. माझ्याकडे एकच भाषा, आणि तीही पेपरात लिहिण्यापुरती शुद्ध. मोपेडवर तिच्या मागे बसले, तिची ओढणी तोंडावर येत होती, आणि पहिल्यांदा पोटात काहीतरी टोचलं. ते भुकेचं असावं अशी मी समजूत करून घेतली.

वाटेत तिनं मान मागे वळवून विचारलं, “तुम्ही वाघळांवर काम करता तर मॅडमच्या जागेसाठीच आल्या ना?”

“हो. तू?”

“मी पण.” समोरून बस आली म्हणून तिनं मान वळवली. “माझे बॅक्टेरिया आहेत.”

चिक्कडपल्ली

चिक्कडपल्लीत शैलजाचं घर बाजारापासून एक गल्ली आत होतं. खापरपणजोबांपासून सगळे वकिलीत किंवा सरकारी नोकरीत. भिंतीला छतापर्यंत कायद्याची पुस्तकं. तिचे वडील, वकीलसाहेब, दारातच म्हणाले, “या, तशरीफ ठेवा. देगलूर का? आमच्या वडिलांचे पक्षकार होते तिथं.” मला उगीचच वाटलं, आमच्याच घरातलं कुणी आरोपी असेल.

त्या घरानं मला आठवडाभर जेवू घातलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही, म्हणून हे जपून लिहिते आहे. पण हेवा वाटला तो खराच वाटला, आणि तो वगळला तर या प्रवासात सांगण्यासारखं फार थोडं उरेल.

शैलजाला स्वतःचं टेबल होतं. माझ्या वाट्याला आयुष्यात टेबल आलं ते परीक्षेच्या हॉलमध्येच. घरात रंगीत टीव्ही, त्यावर नुकती केबल आलेली, आणि काकू, म्हणजे शैलजाची आई, परदेशी बायकांना स्वयंपाक करताना पाहून “अगं, मीठ तर टाक!” असं ओरडत. फ्रिज होता. फ्रिज मी याआधी औषधाच्या दुकानात पाहिला होता, पण तो उघडायची मुभा असलेलं माणूस प्रथमच पाहत होते.

जेवणाची रीत निराळी. आमच्याकडे भाकरी आधी, भात शेवटी, तोही नावाला. इथं भातच तीनदा. पहिला भात पप्पूबरोबर, म्हणजे घट्ट वरणाबरोबर, वर तूप आणि गोंगुऱ्याचं, म्हणजे अंबाडीचं, लोणचं. मी शेवटचा भात समजून पोटभर खाल्ला आणि हात धुवायला उठले.

“बस, बस माय!” काकू ओरडल्या. “आत्ता कुठं सुरू झालं! चारूचा भात राहिला, दह्याचा राहिला. लाजू नको.”

मी बसले. चारूचा, म्हणजे पातळ आंबट साराचा, भात खाल्ला, दह्याचाही खाल्ला. रात्री पोट दुखून झोप नाही. शैलजा शेजारच्या खाटेवर शांत घोरत होती, आणि त्या घोरण्याचाही मला हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी मात्र एक गोष्ट घडली. मी वाघळांवरची माझी टिपणं मराठीत लिहिली होती. शैलजानं ती वाचायला घेतली आणि तिसरीतल्या मुलीसारखं ओळीखाली बोट फिरवत अडखळू लागली. “जोडाक्षर फार आहेत अक्का,” ती म्हणाली. मी तिला वाचून दाखवलं. सावकाश, मोठ्यानं, गरजेपेक्षा जरा जास्तच मोठ्यानं. त्या दिवशी मला तिन्ही भात पचले.

विद्यानगर

मॅडमची प्रयोगशाळा विद्यानगरात, जुन्या विद्यापीठाच्या अलीकडे, एका भाड्याच्या इमारतीत वरच्या मजल्यावर होती. बाहेर दोन पॉश गाड्या उभ्या. शैलजानं सांगितलं, “कंपनीवाले आले. अल्कोहोलवाले. आजकाल सारखे येतात. सरकारनं दरवाजे उघडले ना, आता सगळ्यांना माझे बॅक्टेरिया पाहिजे.”

माझ्या वाघळांना विचारायला कुठली कंपनी येणार? मी बरणी पदराआड धरली.

मॅडम बारीक, पांढऱ्या केसांच्या, हिंदीत तेलुगूचा हेल. त्यांनी चोथे टेबलावर ओतून घेतले, भिंगातून पाहिले, “फार छान” म्हणाल्या. मी वाकून त्यांच्या पायांना हात लावला. त्या दचकून खुर्चीसकट मागे सरकल्या.

“इथं पाया पडायचं नाही,” त्या म्हणाल्या. “इथं एकच नियम. माझ्याकडे जो येतो तो पहिल्यांदा दुसऱ्याच्या जीवावर बोलतो. स्वतःच्या जीवावर सगळेच छान बोलतात, पाठ केलेलं असतं. सुनंदा, शनिवारी तू शैलजाच्या बॅक्टेरियावर बोलशील. शैलजा, तू हिच्या वाघळावर. मग मी ठरवते.”

शैलजा म्हणाली, “मॅडम, मी वाघूळ जवळून बघितलंच नाही कधी.”

“तिनं तरी कुठं बॅक्टेरिया पाहिलाय? एकमेकींना शिकवा.”

जिन्यावरून उतरताना माझ्या मनात एकच हिशेब चालू होता. मी हिला चांगलं शिकवलं तर ही चांगली बोलणार. वाईट शिकवलं तर माझ्याच वाघळांची बेअब्रू. शैलजाच्या मनात असलं काही नसावं, कारण तिनं खाली रस्त्यावर पेसरट्टू, म्हणजे मुगाचा डोसा, मागवला आणि आल्याच्या चटणीत बुडवत सरळ शिकवायला सुरुवात केली.

तिच्या जीवाणूचं नाव झायमोमोनास. ताडाच्या रसात तो आपोआप येतो, साखर खातो आणि तिची दारू करतो. दुपारी तिनं मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. मला मोठे, गोल, मोत्यासारखे दाणे दिसले.

“दिसले!” मी म्हणाले. “काय सुंदर आहेत गं!”

“ते नाही अक्का.” तिचा आवाज पडला. “ते यीस्ट. पाव फुगवणारं. सगळ्यांना तेच दिसतं. माझे ते बारके, जोडीजोडीनं असतात ते. बघा, हल्लू बघा.”

बऱ्याच वेळानं दिसले. यीस्टच्या आजूबाजूला आखूड, गुबगुबीत काड्या, काही जोडीनं चिकटलेल्या, काही लुटुलुटु पळणाऱ्या. “दारू म्हटलं की यीस्ट, यीस्ट,” शैलजा म्हणाली. “माझे त्याच्यापेक्षा फास्ट काम करतात. पण नाव त्याचं होतं.”

हिलाही कुणाचा तरी हेवा वाटतो, हे ऐकून मला त्या काड्या जरा आवडल्या. पण तेवढ्यापुरत्याच.

मी तिला वाघूळ शिकवलं ते असं: वर्षाला एकच पिलू. पिलू आईच्या पोटाला धरून बसतं. उन्हाळ्यात पंखांनी वारा घेतात. मुतायचं झालं की उलटं होऊन अंगठ्यांना लटकतात, स्वतःच्या अंगावर थेंब पडू देत नाहीत. शैलजानं एवढं ऐकून तोंड वाकडं केलं. “एका वर्षात एक? माझे तर तुम्ही चहा पिऊन येईपर्यंत डबल होतात.”

“म्हणूनच माझ्या एकेकाला किंमत आहे,” मी म्हणाले. ती हसली नाही, तिनं ते लिहून घेतलं. मला वाटलं, हे उगीच बोलले. हे माझ्या तोंडी शोभलं असतं, आता शनिवारी तिच्या तोंडी शोभणार.

पुन्हा चिक्कडपल्ली, आणि कढी

आता एक फजिती. प्रयोगशाळेत वीज सारखी जायची म्हणून शैलजानं ताज्या ताडीचा नमुना घरी आणून स्टीलच्या तांब्यात, झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवला. मला घरीही सराव करता यावा म्हणून. हे ती मला सांगणार होती, पण फोन आला आणि राहून गेलं.

मी मात्र त्या दिवशी ठरवलं होतं की या घराचं फुकट खायचं नाही, निदान एक वेळचा स्वयंपाक करायचा. काकू देवळात गेल्या होत्या. मी फ्रिज उघडला. आता मलाही मुभा होती. तांब्यात पांढरट, पातळ, आंबूस काहीतरी. आमच्या घरी ताडी-शिंदीचं नाव काढलेलं चालत नाही, वास ओळखीचा असणार कसा? मला वाटलं, हैदराबादी ताक. इथं सगळंच पातळ करतात, चारूसारखं. म्हटलं, आंबलंय, उद्या टाकून देतील, त्यापेक्षा कढी करू. बेसन लावलं, आलं-मिरची, जिरं-कढीपत्त्याची फोडणी, गूळही घातला.

वकीलसाहेबांनी दुसऱ्या भातापासून कढीच घेतली. “क्या बात है! ही खरी मराठवाड्याची कढी! हिला काहीतरी निराळीच चव आहे.”

“गुळाची असेल,” मी नम्रपणे म्हणाले.

“अजून एक वाटी.”

शैलजा उशिरा आली. फ्रिज उघडून म्हणाली, “अम्मा, तांब्यातली कल्लू कुठाय?”

कल्लू म्हणजे ताडी, एवढं मला एव्हाना कळत होतं. वकीलसाहेबांचा हात वाटीवर थांबला. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी कढईकडे पाहिलं.

“उकळली ना?” शैलजानं विचारलं.

“चांगली उकळली.”

“मग सगळे मेले.” ती खाली फरशीवर बसून हसत सुटली. वकीलसाहेब गंभीरपणे म्हणाले, “कोर्टात ही गोष्ट जाता कामा नये,” आणि वाटी पूर्ण केली.

सगळे हसले, मीही हसले. पण नमुना माझ्या भाषणासाठी होता, तो मीच फोडणीला घातला होता, आणि शनिवार जवळ आला होता. त्यातही माझ्या चुकीवर रागवायचं सोडून ही मुलगी हसू शकते, कारण तिचं काही अडत नाही. ही जागा नाही मिळाली तर दुसरी मिळेल, नाहीतर वडील आहेत. मला नाही मिळाली तर मी गाड्यावर केळी मोजणार.

“चला अक्का,” शैलजा डोळे पुसत उठली. “नवीन आणू. मला पण वाघूळ बघायचंय ना. ताडावर येतात म्हणता?”

शहराबाहेर, ताडांत

वरंगलच्या रस्त्यानं शहर मागे टाकलं की दोन्ही बाजूंना ताड लागतात. आमच्याकडे एखाददुसरा दिसतो, इथं रांगाच. उंच, काळे, डोक्यावर झावळ्यांचं टोपलं. शेंड्याशी फुलोरा कापून खाली मडकं बांधलेलं असतं, त्यात रस ठिबकत राहतो.

ऊन उतरलं होतं. एक ताडीवाला कमरेला दोर अडकवून खाली येत होता. शैलजानं तेलुगूत विचारलं तेव्हा त्यानं बाटलीभर दिली आणि वर बोट करून काहीतरी कुरकुरला.

“काय म्हणतो?” मी विचारलं.

“म्हणतो, अर्धी मी काढतो, अर्धी तुमचे ते गब्बिलम पितात.” गब्बिलम म्हणजे वाघूळ.

मला बाबा आठवले. हेच वाक्य, फक्त केळ्यांऐवजी ताडी.

आम्ही बांधावर बसलो. अंधार पडू लागला, चांदणं होतं. मग वाघळं आली. पंख आधी ऐकू येतात, ओल्या कापडासारखे. एक वाघूळ झावळीला धडकल्यासारखं बसलं, सरकत सरकत फुलोऱ्याकडे आलं, उलटं लोंबलं आणि कापलेल्या टोकाशी तोंड लावून चाटू लागलं. मग मडक्याच्या काठाशी. मग पुन्हा टोकाशी. शैलजानं माझं मनगट घट्ट धरलं होतं.

“कुत्र्यासारखं तोंड आहे,” ती कुजबुजली. “अक्का, किती शहाणं तोंड आहे.”

वाघूळ उडालं आणि पलीकडच्या ताडावर बसलं. तिथंही तेच, आधी टोक, मग काठ. शैलजानं माझं मनगट आणखी आवळलं. मी मनात म्हटलं, घाबरली असेल.

“अक्का,” ती म्हणाली, “नवं मडकं बांधतात तेव्हा त्यात माझे बॅक्टेरिया येतात कुठून? पुस्तकात लिहिलंय, हवेतून, किड्यांमधून. पण हे बघा ना. त्या मडक्यात तोंड घातलं, आता या मडक्यात घातलं. म्हणजे तुमचं वाघूळ माझ्या बॅक्टेरियांची रिक्षा आहे!”

मी तीन वर्षं झाडाखाली बसले होते. पावसात, थंडीत, आईच्या शिव्या खात. वाघूळ काय खातं, किती खातं, चोथा कुठं टाकतं, सगळं लिहिलं होतं. जाताना ते तोंडाला लावून काय घेऊन जातं, हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आणि हिनं एका संध्याकाळी, बांधावर बसून, चणे खाता खाता ते पाहिलं.

“असेल,” मी म्हणाले. “पण सिद्ध करावं लागेल.”

“करू ना!” तिचे डोळे चांदण्यात चमकत होते. परतताना मोपेडवर ती सारखी वाघळांबद्दलच विचारत होती. पिलू किती दिवस आईला धरून असतं? वाट कशी ओळखतात? आजारी पडलं तर? मी उत्तरं देत होते. एखाद्या पाहुण्यानं आपल्या घरातलं मूल उचलून घ्यावं, आणि ते रडण्याऐवजी त्याच्या गळ्यात हात टाकावं, तसं मला होत होतं.

शनिवार, विद्यानगर

पुढचे दिवस मी जीवाणूत डोकं घातलं. नव्या बाटलीतून नमुने लावले, पाहिले, पुन्हा लावले. शैलजाच्या नोंदींत एक गोष्ट मला राहून राहून खटकायची. परीक्षानळीतली साखर संपून जाते, दारू भरपूर होते, पण जीवाणूंची वाढ त्या मानानं थोडी. यीस्ट तेवढ्याच साखरेवर बाळसं धरतं. “हे असं का?” मी शैलजाला विचारलं. “ते तसंच असतं,” ती म्हणाली. “कंपनीला तेच तर आवडतं.” तिची नजर तेव्हा माझ्या वाघळांच्या चित्रांवर होती.

शनिवारी आधी शैलजा बोलली. पारदर्शक कागदावर तिनं रंगीत वाघळं काढली होती, ती भिंतीवर मोठी होऊन पडली. इंग्रजीत, न अडखळता. माझं ‘एकेकाला किंमत’ही तिनं वापरलं. शेवटी रिक्षा. मॅडम खुर्चीत पुढे झाल्या.

मग मी. माझ्याकडे खडू आणि फळा. इंग्रजीत दोन वाक्यं झाली, तिसरं फसलं. हिंदीत सुरू केलं, तेही घसरलं. समोर मॅडम, दोन-तीन विद्यार्थी, आणि पहिल्या रांगेत शैलजा.

मग मी मराठीतच बोलले. म्हणाले, “आमची आई मला लहानपणापासून म्हणते, खाते फार, पण अंगी लागत नाही. हा जीवाणू तसा आहे. समोरची साखर भसाभसा खातो आणि जवळजवळ सगळी दारू करून बाहेर टाकतो. स्वतःच्या अंगाला थोडंच लावून घेतो. माझं वाघूळही तसंच. ढीगभर फळ चावतं, रस गिळतं, उरलेलं थुंकतं, आणि वर्षभरात एकच पिलू. दोघंही एकाच मडक्यावर येतात आणि दोघंही उधळे. मला विचारायचं आहे, की एवढं उधळून त्यांना मिळतं काय? जीवाणूची दारू मडक्यातल्या बाकीच्यांना मारते का? मग न वाढण्यातच त्याचा फायदा असेल का?”

कुणाला काही समजलं नव्हतं. मी फळ्याकडे तोंड फिरवलं.

मागून शैलजाचा आवाज आला. तेलुगूत. ती हसत हसत सगळं सांगत होती, आणि “अंगी लागत नाही” तिनं कसं सांगितलं ते मला अजून पाठ आहे: “तिन्नदि ओंटबट्टदु.” मॅडम एकदम हसल्या. “माझीही आई हेच म्हणायची,” त्या हिंदीत म्हणाल्या. मग त्यांनी प्रश्नावर प्रश्न विचारले, मी मराठीत उत्तरं दिली आणि शैलजा इकडून तिकडे नेत राहिली, माझी रिक्षा होऊन.

निकाल तिथंच लागला. “वाघळाचं शैलजाला सुचलं, बॅक्टेरियाचं सुनंदाला,” मॅडम म्हणाल्या. “पगार कंपनीकडून येणार, म्हणून जागा बॅक्टेरियाची आहे. एक तारखेपासून ये, सुनंदा.”

मी पुन्हा पायाशी वाकणार होते, वेळेवर आठवलं. डोळ्यांत पाणी आलं. बाबांना कसं सांगायचं, एसटीडी बूथ कुठं आहे, सगळं एकदम मनात आलं. मग शैलजाकडे पाहिलं. ती आपली वाघळं एकेक करून कागदात गुंडाळत होती. चिक्कडपल्लीपर्यंत ती काही बोलली नाही. कुठलीही भाषा नाही. तिचं काही अडत नाही असं मी इतके दिवस धरून चालले होते.

दारात मोपेड लावून ती म्हणाली, “जागा तुम्हाला मिळाली ना, अक्का?”

“हो.”

“मग झाड मला द्या.”

देगलूर

बाडबिस्तरा नेण्यासाठी मी घरी परतले तेव्हा शैलजा माझ्याबरोबर बसमधून उतरली. आईनं तिला भाकरी वाढली, तिनं ती भातासारखी कालवून खाल्ली. आई माझ्याकडे बोट दाखवून तिला म्हणाली, “हिला सांग गं काहीतरी, खाते फार...” आणि शैलजानं पुढचं वाक्य तेलुगूत पूर्ण केलं. बाबांनी तिला गाड्यावरची सगळ्यात चांगली फणी दिली. मला ती त्यांनी कधी दिली नाही, गिऱ्हाइकासाठी ठेवायचे.

संध्याकाळी मी तिला वडाखाली नेलं. माझी बसायची जागा दिली, सतरंजी दिली, सरांची दुर्बीण दिली. वाघळं एकेक करून सुटली आणि तळ्यावरून पूर्वेला, तेलंगणाकडे गेली. मी तीन वर्षं त्यांना तिकडेच जाताना पाहिलं होतं. आता ती जातात कुठं, ते माहीत झालं.

सगळं दाखवलं. फक्त तळ्याच्या बाजूची, पानांमागची एक खालची फांदी दाखवली नाही. तिथं दर वर्षी एक जुनी मादी पिलू घेऊन बसते, तिच्या उजव्या कानाला खाच आहे. हातभर अंतरावरून दिसते. ती फांदी मी सरांनाही दाखवली नव्हती. म्हटलं, एवढं एक माझं राहू दे.

मी निघायच्या आदल्या संध्याकाळी तिला बोलवायला गेले, तर सतरंजी मोकळी. शैलजा तळ्याच्या बाजूला, गुडघाभर चिखलात, त्या फांदीखाली उभी होती. तिनं ओठांवर बोट ठेवून मला जवळ बोलावलं.

“अक्का,” ती कुजबुजली, “हल्लू या. तुम्ही ही कधी बघितली नसेल.”